लिनक्सचे वाण

कुंभकोणम्‌हून नैर्ऋत्येकडे निघाले आणि दारासुरम् मागे टाकले, की भातखाचरांच्या कडेकडेने जाणारी वाट पट्टीश्वरम् या गावी पोहोचते. धेनुपुरीश्वराचे विस्तीर्ण देवालय आणि तेथील दुर्गा यांमुळे हे गाव तमिळ मुलखात सर्वांस ठाऊक आहे. मराठी माणसालाही हा प्रदेश परका वाटू नये. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली. तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत कावेरीच्या या खोऱ्यात भोसल्यांचे नाव चालत होते. त्या राज्याबरोबर दक्षिणेत आलेल्या घराण्यांचे वंशज आजही तंजावर-कुंभकोणम्‌च्या परिसरात आढळतात. त्यांची मराठी निराळ्या वळणाची आहे. ती घरात बोलली जाते, बाजारात तमिळ चालते, आणि शाळा-कचेरीचे पुष्कळसे काम इंग्रजीत होते.

अशा एखाद्या घराची कल्पना करावी. वडिलांचे कुंभकोणम्‌मध्ये पितळी भांड्यांचे दुकान आहे. थोरली मुलगी शाळेत असताना तिला राज्य सरकारकडून विनामूल्य लॅपटॉप मिळाला होता. ती आता नोकरीनिमित्त चेन्नईस राहते आणि लॅपटॉप घरीच आहे. त्याच्यावर दुकानाचा हिशेब होतो, विजेचे बिल भरले जाते, रेल्वेचे तिकीट काढले जाते, आजी अभंग ऐकते, आणि संध्याकाळी धाकटा मुलगा अभ्यास आटोपून, क्वचित् न आटोपता, खेळावयास बसतो. चार गिगाबाइट रॅमचे हे यंत्र विंडोज १० या प्रणालीवर चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. पुढची विंडोज ११ या यंत्रावर बसत नाही, कारण तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. ज्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार होतो, ते देखभालीवाचून ठेवणे धोक्याचे. आणि चालते यंत्र मोडीत काढून नवे घेणे हा दुकानाच्या मिळकतीवर भार. तेव्हा लिनक्स बसवावे असे कोणीतरी सुचविते. पण कोणते लिनक्स, हा प्रश्न उभा राहताच सुचविणारे दहा तोंडांनी दहा नावे सांगू लागतात.

ही नावे इतकी का झाली, हे समजले म्हणजे अर्धा गोंधळ दूर होतो. लिनक्स हे वास्तविक एका गाभ्याचे नाव आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहिण्यास आरंभ केला. त्याच्या आठ वर्षे आधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला होता. कोणीही वापरावी, पाहावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी अशी संपूर्ण प्रणाली तयार करणे हा त्याचा हेतू. गाभा आणि ही साधने एकत्र आली. मग ज्याला जसे रुचले तसे त्याने त्यांचे गाठोडे बांधले आणि त्याला नाव दिले. डेबियन १९९३ चे, उबुंटू २००४ चे, मिंट २००६ चे. आतले धान्य बहुतांशी एकच. वाण मात्र वेगवेगळे.

वाण हा शब्द येथे केवळ शोभेसाठी योजिलेला नाही. पट्टीश्वरम्‌च्या भोवतालचा शेतकरी ‘जगातील उत्तम भात कोणता’ असे कधी विचारीत नाही. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याची जुनी वहिवाट आहे. ते वेळेवर आले तर अल्पमुदतीचे कुरुवै पीक घ्यावयाचे, नाहीतर थेट दीर्घ मुदतीच्या सांब्याकडे वळावयाचे. पाणी किती दिवस पुरेल, जमीन कोणती आहे, आणि पिकावर रोग पडला तर आसपास कोणाला त्या वाणाची माहिती आहे, हे त्याचे प्रश्न असतात. लिनक्सच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न विचारावे लागतात. फेडोरा हे एक प्रकारचे कुरुवै होय: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीची देखभाल सुमारे तेरा महिने. डेबियन, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आणि त्यांवर उभारलेले मिंट हा सांबा. एकदा बसविले की पाच वर्षे चिंता नाही. आर्च या वाणाला तर हंगामच नाही; ते रोज थोडे थोडे बदलत राहते, आणि ज्याला यंत्रापाशी रोज बसण्याची हौस आहे त्यालाच ते मानवते. दुकानदाराला ती हौस असण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न, म्हणजे आसपास माहीतगार कोण आहे हा, सर्वांत कमी विचारला जातो. तमिळनाडूत त्याचा मोठा अनुभव येऊन गेला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये निघाली. मराठी आणि तमिळ धरून भारतीय भाषांची उत्तम सोय तीत होती. त्याच सुमारास एल्कॉट या राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने, सी. उमाशंकर हे व्यवस्थापकीय संचालक असताना, आपल्या कार्यालयातील संगणक सुसे लिनक्सवर नेले होते. पुढे सप्टेंबर २०११ मध्ये जयललिता यांच्या सरकारने विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या योजनेत वर्षानुवर्षे वाटल्या गेलेल्या लॅपटॉपांपैकी अनेकांवर विंडोजच्या शेजारी बॉसही बसविलेले होते. कागदावर पाहता याहून मोठा लिनक्सप्रसार देशात क्वचितच झाला असेल.

प्रत्यक्षात पुष्कळ विद्यार्थ्यांनी बॉस कधी उघडलेच नाही, आणि अनेकांनी डिस्कवर जागा मोकळी व्हावी म्हणून ते पुसून टाकले. प्रणाली वाईट होती म्हणून हे घडले असे म्हणता येणार नाही. ती अडली तर विचारावे कोणाला, हे कोणालाच माहीत नव्हते. दुरुस्तीच्या दुकानातील तरुणाला विंडोज येत होते, मित्रांकडचे खेळ विंडोजचे होते, आणि शिक्षकांपैकी बहुतेकांनी लिनक्स पाहिलेले नव्हते. सरकारी व्यवहारात एखादी वस्तू वाटली गेली म्हणजे ती वापरली गेली असे समजण्याची एक रीत आहे; ती रीत येथे नडली. शेजारच्या केरळात उलट घडले. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अॅट स्कूल’ या प्रकल्पाने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, पाठ्यपुस्तके मुक्त प्रणालीला धरून लिहविली, आणि २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाल्यावरही तो क्रम चालू राहिला. केरळातील शाळांचे संगणक आज लिनक्सवर चालतात, आणि मुलांना त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही.

म्हणून पट्टीश्वरम्‌च्या घराने पहिला विचार करावयाचा तो असा, की चेन्नईची मुलगी फोनवरून कोणते वाण सांभाळू शकेल? तिच्या कार्यालयात उबुंटू असेल, तर उबुंटू किंवा त्याचे भावंड मिंट हेच बरे. दुसरे कितीही सरस असो. माहितीची साधने आता पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाहीत. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सवरील लहान लहान पाठ तयार करून मराठीत आणि तमिळमध्येही ऐकविले आहेत. चेन्नईत लिनक्स वापरणाऱ्यांचे जुने मंडळ आहे, आणि विळुप्पुरम्‌सारख्या जिल्ह्याच्या गावीही मंडळ स्थापून ग्रामीण विद्यार्थ्यांना ही विद्या मोफत शिकविणारी मंडळी आहेत.

भाषेची अडचण आता जवळजवळ उरलेली नाही. तंजावरकरांना हे ऐकून विशेष समाधान वाटावे. सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना उभारला आणि तेथून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मराठी मुद्रणाच्या इतिहासातील ते फार आरंभीचे पाऊल होय. त्या काळी एकेक खिळा ओतवून घ्यावा लागे. आज लिनक्सच्या कोणत्याही प्रमुख वाणाबरोबर रेड हॅटने मुक्त केलेले लोहित टंक किंवा नोटो टंक मिळतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि तमिळसाठी राज्य सरकारने १९९९ मध्ये मान्य केलेला ‘तमिळ ९९’ हे दोन्ही कळफलक एकाच यंत्रावर बसतात आणि दोन कळा दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते. तंजावरच्या दप्तरातील ढीगभर कागद ज्या मोडी लिपीत आहेत, तिलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दुकानाचे बिल तमिळमध्ये आणि नागपूरच्या आप्तांना पत्र मराठीत, एवढी अपेक्षा कोणतेही वाण पुरी करील.

हिशेबाचे मात्र आधी पाहून घ्यावे. लिब्रेऑफिसमध्ये तक्ते मांडणारास काही अडत नाही. टॅलीवर काम करणारास अडते, कारण टॅली विंडोजसाठी बनते. छापयंत्राचीही तीच गोष्ट. एचपीची बहुतेक छापयंत्रे लिनक्सला जोडताच ओळखली जातात; पण दुकानोदुकानी दिसणारे कॅननचे एलबीपी २९०० हे यंत्र लिनक्सवर चालविण्यास बराच खटाटोप करावा लागतो. पुष्कळांचा लिनक्सप्रवेश या एका छापयंत्रापाशी अडला असेल.

आता खेळांकडे वळावे. वडीलधारी माणसे हा प्रश्न शेवटी घेतात, किंबहुना तो प्रश्नच नव्हे असे मानतात. यात त्यांचा हिशेब चुकतो. घरातील यंत्र अधिकाधिक वेळ ज्याच्या हाती राहते आणि बिघडले तर ज्याच्याकडे सर्वजण पाहतात, तो बहुधा धाकटा मुलगाच असतो. त्याच्या खेळांची वाट लावून बसविलेली प्रणाली बॉसच्याच मार्गाने जाते. याच तंजावरात सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाट्य रचले आणि त्यातील कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला. करमणूक आणि शिक्षण यांची फारकत त्यांनाही मान्य नव्हती असे दिसते.

खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात आणि विंडोजला उद्देशून मागण्या करतात. त्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देणारा दुभाषा हवा. ‘वाइन’ नावाचा असा दुभाषा १९९३ पासून तयार होत आला होता. परंतु नव्या खेळांची चित्रे त्याला पेलत नसत. स्टीम हे खेळांचे दुकान चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने या कामात पैसा आणि माणसे घातली. त्याची कारणे केवळ उदारपणाची नव्हती. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले, तेव्हा दुसऱ्याच्या जागेत आपले दुकान किती दिवस चालेल ही चिंता व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांना पडली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले, ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनच्या पायावर ‘प्रोटॉन’ निघाले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळावयाचे यंत्र विक्रीस आले. त्याच्या आत आर्चवर आधारलेले लिनक्सच आहे. प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके हा भाग विंडोजची चित्रभाषा ‘व्हल्कन’ नावाच्या खुल्या भाषेत उतरवितो. परिणाम असा, की एकट्याने खेळावयाचे बहुसंख्य विंडोज खेळ आज लिनक्सवर बटण दाबताच सुरू होतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सवर खेळणारांचे प्रमाण प्रथमच शेकडा तीनच्या पुढे गेले. आकडा लहान आहे, पण खेळ तयार करणारांना तो आता दिसू लागला आहे.

परंतु एक दार बंद आहे आणि त्याची किल्ली लिनक्सवाल्यांच्या हाती नाही. अनेकांनी मिळून जाळ्यावर खेळावयाच्या खेळांत लबाडी पकडण्यासाठी पहारेकरी-कार्यक्रम बसविलेले असतात, आणि त्यांपैकी काही विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसतात. व्हॅलोरंटचा पहारेकरी असाच आहे. तो खेळ लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालत असे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या मालकांनी लिनक्सला मज्जाव केला. जीटीए फाइव्हची कथा एकट्याने खेळता येते, पण त्याचा जाळ्यावरील भाग सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्ससाठीच सिद्ध केलेले मिळतात, माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही चालते. हा भेद कोणत्याही वाणाने मिटत नाही. अमुक वाण ‘खेळांसाठी’ आहे या जाहिरातीवर विसंबून व्हॅलोरंटची आशा धरणारा मुलगा त्यावरही निराश होईल. तेव्हा वाण निवडण्यापूर्वी मुलाकडून त्याच्या खेळांची यादी घ्यावी, आणि प्रोटॉनडीबी या खेळाडूंनीच भरलेल्या नोंदवहीत एकेक नाव पाहावे. यादीतील ज्या खेळावर त्याची मित्रमंडळी जमते तोच बंद दारापलीकडे असेल, तर ते त्याला आधीच स्पष्ट सांगावे. हे सांगणे टाळून यंत्र बदलणे हा मुलावर अन्याय आहे.

दुसरी मर्यादा यंत्राची. व्हल्कनची अलीकडील आवृत्ती ज्या चित्र-चिपला कळत नाही, तिच्यापुढे डीएक्सव्हीके हतबल होतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इंटेलच्या अंगभूत चिपांची हीच स्थिती आहे. एएमडीच्या आणि इंटेलच्या नव्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या सोबतच येतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या कंपनीकडून निराळा घ्यावा लागतो, आणि तो सुलभपणे बसवून देणे हा वाणावाणांतील एक खरा फरक आहे. उबुंटू व मिंट यांत तो दोन-चार बटणांत बसतो, फेडोरामध्ये थोडे अधिक श्रम पडतात. बाकी चार गिगाबाइट रॅमवर जो खेळ विंडोजमध्येही रखडत होता, तो लिनक्समध्ये धावेल अशी अपेक्षा करू नये.

या सर्व गोष्टी ध्यानात घेता पट्टीश्वरम्‌च्या त्या लॅपटॉपला मिंट, आणि तेही एक्सएफसीई या हलक्या सजावटीचे, योग्य ठरते. त्याची २२ वी मालिका २०२४ मध्ये आली आणि तिची देखभाल २०२९ पर्यंत चालेल. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, ही मांडणी विंडोजची सवय असलेल्या वडिलांना नवी वाटत नाही. टाइमशिफ्ट नावाची सोय प्रणालीचे प्रतिरूप राखून ठेवते, त्यामुळे मुलाने काही मोडले तर कालच्या स्थितीवर परत जाता येते. जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी घातली, तर त्या बदलाचा जितका लाभ होतो तितका कोणत्याही वाणाने होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

मुलगा महाविद्यालयात गेला आणि एएमडीची नवी चित्र-चिप असलेले यंत्र घरी आले, तर प्रश्न बदलतो. नव्या चिपला नवा गाभा लागतो, तेथे फेडोरा किंवा त्यावर उभारलेले बॅझाइट विचारात घ्यावे. २०२३ मध्ये निघालेल्या बॅझाइटमध्ये स्टीम आधीच मांडलेले असते, आणि त्याची प्रणाली एकसंध बदलते. बदल मानवला नाही तर मागील प्रत तशीच उभी असते. मात्र हे बदल आकाराने मोठे असतात. मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावर चालणाऱ्या घराला ते जड जातील. फायबरची जोडणी असेल तर हरकत नाही. केवळ नाव आकर्षक म्हणून घेतलेली, एक-दोघांच्या हौसेवर चालणारी लहान वाणे मात्र टाळलेली बरी. त्यांचा कर्ता उद्या दुसऱ्या कामास लागला तर सुधारणा येणे थांबते, आणि ते थांबले आहे हे घरच्यांना कळतही नाही.

अंतिम निर्णय पडद्यासमोर बसून करावा. मिंटची प्रत आठ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, की डिस्कला हात न लावता यंत्र त्या पेनड्राइव्हवरून चालविता येते. तसे ते एक रविवारभर चालवावे. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, छापयंत्र कागद ओढते का, बँकेचे पान उघडते का, हे पाहावे. आजीचे अभंग लावून पाहावेत. मुलीचे शाळेपासूनचे कागद आणि छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करून घ्यावी. त्यानंतरच विंडोज पुसण्याचा विचार करावा. टॅली सोडवत नसेल तर डिस्कचा एक भाग तिच्यासाठी ठेवून, जाळ्यापासून ती तोडून, दोन्ही प्रणाली नांदू द्याव्यात.

मुलालाही त्या रविवारी त्याचे काही मिळाले पाहिजे. बुद्धिबळाचे वेड तमिळनाडूत घरोघर आहे, आणि जगज्जेत्यांनाही हरविणारे स्टॉकफिश हे मुक्त इंजिन अशा जुन्या लॅपटॉपवरही त्याला सहज चीत करील. तो हिरमुसला तर सुपरटक्सकार्ट हा गाड्या पळविण्याचा मुक्त खेळ उतरवून द्यावा. त्याची चित्रे हलक्या मांडणीवर ठेवली तर तो त्या यंत्राला झेपतो, जाळे लागत नाही, आणि पडद्याचे दोन भाग करून एकाच कळफलकावर दोघांना खेळता येते. सुट्टीला आलेली थोरली बहीण त्या दुसऱ्या भागात बसू शकते.